वय वाढलं की चेहऱ्याचे स्नायू काय करतात? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात फिजिओथेरपीचं काम करते. चेहऱ्याचा लकवा, अडकलेला जबडा, कवळी बसवल्यानंतरची चावण्याची अडचण असले पेशंट माझ्याकडे जास्त. ज्येष्ठ नागरिक मंडळात बोलायला गेले की बोलणं अर्ध्या तासाचं आणि प्रश्न दीड तासाचे. उरलेले मग व्हॉट्सॲपवर येतात, बहुतेक रात्री दहानंतर. तेच ते प्रश्न फिरून येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची नावं काढली, भाषा बरीचशी त्यांचीच राहू दिली.

१. चेहऱ्याचे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखेच असतात ना?

नसतात. दंडाचा स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो, तो आखडला की सांधा हलतो. भाव दाखवणारे चेहऱ्याचे स्नायू मात्र एका टोकाला बहुधा हाडाला आणि दुसऱ्या टोकाला थेट कातडीला चिकटलेले असतात. ते आखडले की कातडी ओढली जाते, आणि त्यालाच आपण हसणं, रुसणं, नाक मुरडणं म्हणतो. अशा साधारण वीस जोड्या आहेत. त्या सगळ्या मेंदूतून निघणाऱ्या सातव्या नसेवर चालतात. ही नस कानाच्या खालून चेहऱ्यावर येते आणि झाडाच्या फांद्यांसारखी पसरते.

चावण्याचे स्नायू वेगळे. दात घट्ट दाबा आणि जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. टणक गोळा लागतो तो मॅसेटर. त्याची आणि त्याच्या जोडीदारांची नस पाचवी. हे स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातात, त्यामुळे वागणं हातापायांसारखंच: वापरलं तर टिकतात, वापर सुटला की बारीक होतात.

आणखी एक गोष्ट. हातापायांच्या स्नायूंत ताण ओळखणारे बारीक संवेदक असतात, म्हणून डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते कळतं. भावांच्या स्नायूंत हे जवळपास नसतातच. म्हणून दिवसभर कपाळाला आठ्या घालून बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. घरच्यांना असतो.

२. वयाने हे स्नायू ढिले पडतात म्हणून चेहरा लटकतो, बरोबर?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि त्यात उत्तर धरूनच विचारलेलं असतं. माझं उत्तर: बहुतांशी चूक.

चेहरा थरांचा बनलेला आहे. वर कातडी, तिच्याखाली चरबी, मग भावांचे स्नायू आणि त्यांना जोडणारा पातळ पडदा, त्याखाली आणखी चरबी आणि तळाशी हाड. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्या पडद्याचं नीट वर्णन केलं. आज चेहरा ताणून बसवण्याच्या शस्त्रक्रिया बऱ्याचशा त्यालाच धरून होतात. वय वाढतं तसे हे सगळे थर बदलतात. डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, वरच्या जबड्याचं हाड थोडं मागे सरकतं, दात गेले तर हिरड्यांखालचं हाड झिजतं. चरबीचे कप्पे काही ठिकाणी रिकामे होतात, काही ठिकाणी भरतात. कातडीतलं कोलॅजन कमी होतं. घराचा पाया खचला, भिंती बारीक झाल्या आणि छप्पर तेवढंच राहिलं, तर ते लोंबणारच. त्यात दोष स्नायूचा किती?

उलट एक मत असं आहे की वयाने काही स्नायूंचा विश्रांतीतला ताण वाढतो. क्लॉद ल लुआर्न या फ्रेंच प्लास्टिक सर्जनने २००७ मध्ये एमआरआय चित्रांच्या आधारे मांडलं की तरुणपणी गालातले स्नायू खालच्या चरबीवरून कमानीसारखे वळलेले असतात, आणि वयाबरोबर ते सरळ व आखूड होत जातात. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वादही आहे. पण रोजच्या कामात मला दिसतं ते याच्याशी जुळतं. साठीच्या चेहऱ्यावर मला झोपलेले स्नायू क्वचित सापडतात, अतिकाम करणारे नेहमी. कपाळाचा स्नायू हे त्याचं उत्तम उदाहरण, ते प्रश्न ६ मध्ये पाहा.

म्हणजे स्नायू अजिबात बारीक होत नाहीत असं नाही. ओठांभोवतीचा गोल स्नायू पातळ होतो, मॅसेटरही होतो. पण ‘ढिला स्नायू = लटकता चेहरा’ हे समीकरण व्यायामाच्या जाहिरातींना सोयीचं आहे, शरीरशास्त्राला नाही.

३. स्नायू काम करतो की नाही, हे मोजतात कसं?

इलेक्ट्रोमायोग्राफी, थोडक्यात ईएमजी. स्नायू आखडताना अत्यंत बारीक वीज तयार होते, ती कातडीवर चिकटवलेल्या टिकल्यांनी किंवा बारीक सुईने टिपतात. गालावरचा हसण्याचा स्नायू आणि भुवयांमधला आठ्यांचा स्नायू हे दोन अभ्यासकांचे लाडके, कारण एक खुशीत जागा होतो, दुसरा नाराजीत. डोळ्यांना दिसत नाही अशी हालचालही टिकलीला कळते.

ही विजेची वाट फार जुनी. फ्रान्समधल्या ड्युशेनने १८६२ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. चेहऱ्यावर एकेका ठिकाणी वीज देऊन तो एकेक स्नायू हलवायचा आणि फोटो काढायचा. त्याचा मुख्य माणूस म्हणजे दात पडलेला, सुरकुतलेला एक म्हातारा. त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली होती, त्यामुळे विजेचा त्रास होत नव्हता, आणि सुरकुत्यांमुळे प्रत्येक स्नायूची ओढ स्पष्ट दिसायची. मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो, हे त्यानेच दाखवलं.

४. सुरकुत्या येतात त्या स्नायूंमुळे की आपल्या नागपूरच्या उन्हामुळे?

दोघांमुळे, आणि दोघं एकमेकांना मदत करतात.

स्नायू ज्या दिशेने आखडतो त्याच्या काटकोनात घडी पडते. कपाळाचा स्नायू उभा, म्हणून आठ्या आडव्या. डोळ्याभोवतीचा गोल, म्हणून कोपऱ्यातून पंख्यासारख्या रेषा. तरुण कातडी घडी उघडली की पूर्ववत होते, कारण तिच्यात लवचीकपणा असतो. तो उन्हाने जातो. मग तीच घडी इस्त्री न केलेल्या धोतरासारखी राहते.

स्नायूंचा वाटा किती, याचा पुरावा लकव्याच्या पेशंटमध्ये डोळ्यांसमोर असतो. बरीच वर्षं एक बाजू लुळी राहिली की त्या बाजूचं कपाळ गुळगुळीत दिसतं आणि चालत्या बाजूवर आठ्या. ऊन दोन्हीकडे सारखंच पडलेलं असतं.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या या गावात माणूस सकाळी नऊपासून डोळे बारीक करूनच फिरतो. कातडी पोळते ती वेगळी, आणि डोळ्यांभोवतीचा स्नायू दिवसभर राबतो तो वेगळा. आपल्या पोरी तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडी चालवतात त्याला बाहेरचे हसतात, पण दुपट्टा आणि काळा चष्मा ही दुकानातल्या बहुतेक क्रीमपेक्षा शहाणी गोष्ट आहे. पुरुषांनीही शिकावी.

एक अपवाद: मानेवरच्या उभ्या दोऱ्या. त्या घड्या नाहीत, मानेतल्या पातळ स्नायूच्या कडाच आहेत. म्हणून त्या स्नायूच्या दिशेनेच जातात. लकवा झालेल्या बाजूला या दोऱ्या बहुधा दिसत नाहीत. यावरूनही कळतं की त्या ढिलेपणाच्या नाहीत, ओढीच्या आहेत.

५. आमचे बाबा दिवसभर रागावल्यासारखे दिसून राहिले. विचारलं तर म्हणतात, मी तर मजेत आहे!

विश्वास ठेवा त्यांच्यावर. ओठांचे कोपरे खाली आलेले, भुवयांमध्ये दोन उभ्या रेषा, वरची पापणी जड: हे तीनही वयाचे बदल रागाच्या किंवा दुःखाच्या चेहऱ्यासारखे दिसतात. बघणारा त्यातून भाव वाचतो. म्हाताऱ्या चेहऱ्यावरचा खरा भाव ओळखणंही लोकांना जास्त जड जातं, कारण कायमच्या रेषांमध्ये क्षणाची हालचाल हरवते.

तान्हा पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याचं तोंड आठवा. तिला कोणी विचारत नाही की बाई तू का चिडलीस, ते रंगवलेलंच तसं असतं. बाबांचंही वयाने थोडं तसंच झालेलं असतं. पण त्यांच्या आतला प्रतिसाद जिवंत आहे. समोरचा हसला की नकळत गालाचा स्नायू हलतो, तो म्हातारपणीही हलतो. नातवाला समोर बसवा आणि बघा.

मात्र चेहरा रागीट नसून *कोरा* झाला असेल, कशानेच हलत नसेल, तर ते वेगळं. प्रश्न १३ वाचा.

६. माझ्या कपाळावर खूप आठ्या आहेत आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. चष्मा तपासला, ठीक आहे. काय असेल?

आरशासमोर बसा. डोळे हलकेच मिटा आणि कपाळ पूर्ण सैल सोडा. आता एक तळहात कपाळावर सपाट ठेवून भुवया आहेत तिथेच धरा आणि डोळे उघडा. पापण्या बाहुलीच्या बऱ्याच वर आल्या तर काही अडचण नाही. पण पापणी बाहुलीवर येऊन अडली आणि तुम्हाला आपोआप हनुवटी वर करावीशी वाटली, तर कारण सापडलं.

वयाने वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पातळ कंडरा ताणला जातो किंवा आपल्या जागेवरून सुटतो. वर पापणीची सैल कातडीही साठते. दिसायला कमी पडू लागलं की मेंदू शेजाऱ्याला कामाला लावतो. कपाळाचा स्नायू भुवया वर ओढतो आणि पापणी त्याच्यासोबत येते. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत ही हमाली चालते. बिचारा दुखणारच.

म्हणून या माणसांना मी कपाळाचे व्यायाम देत नाही. आधीच जो दोन शिफ्ट करतो त्याला तिसरी कशाला? नेत्रतज्ज्ञांना दाखवा. बाजूची नजर किती झाकली जाते हे मोजता येतं, आणि गरज असेल तर पापणीची शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रियेनंतर अनेकांच्या आठ्या आपोआप कमी होतात. एका आजींना त्यांच्या सुनेने म्हटलं, आई, तुम्ही पहिल्यांदाच निवांत दिसताय!

याच माणसांनी बोटॉक्सबाबत विशेष सावध राहायचं आहे. प्रश्न १० पाहा.

७. आई हसली की आता वरचे दात दिसत नाहीत, खालचे दिसतात. दात तर सगळे तिचेच आहेत.

अगदी अपेक्षित बदल आहे. वरचा ओठ वयाने लांब आणि पातळ होतो आणि त्याला वर उचलण्याची ताकद कमी होते. त्यामुळे हसू उंचीने कमी आणि रुंदीने जास्त दिसू लागतं. वरच्या दातांवर पडदा येतो, खालचे उघडे पडतात. दंतवैद्य पुढचे दात किंवा कवळी करताना हे लक्षात घेतात. साठीच्या माणसाला विशीतल्यासारखे वरचे दात दाखवणारी कवळी दिली तर ती लांबूनच कवळी म्हणून ओळखू येते.

दोन्ही बाजूंना सारखा बदल असेल तर काळजी नाही. एकाच बाजूचा ओठ उचलला जात नसेल तर प्रश्न १२ आत्ताच वाचा.

८. दात काढले, कवळी लावली, आणि तरी चेहरा आत गेला. चावायला जोरही लागत नाही.

दात गेले की दोन गोष्टी घडतात. हिरडीखालचं हाड झिजत जातं, त्यामुळे नाक आणि हनुवटीतलं अंतर कमी होतं आणि ओठ आत वळतात. यालाच आपण बोळकं म्हणतो. दुसरं म्हणजे मॅसेटर बारीक होतो. वयाने तो सगळ्यांचाच थोडा होतो, पण दात नसलेल्यांचा जास्त. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या साधारण पाव हिश्श्याच्या आसपासच येतो, कारण जोर लावला की कवळी सरकते आणि हिरडी दुखते.

मग माणूस मऊ खाऊ लागतो. पोहेसुद्धा तर्रीत भिजवून, भाकरी दुधात कुस्करून. जेवढं मऊ, तेवढा स्नायू रिकामा. शिवाय डाळी-भाज्या कमी होऊन वजन उतरतं, आणि उतरलेलं वजन सगळ्यात आधी गालांवर दिसतं.

काय करता येईल: कवळी सैल झाली असेल तर नवीन अस्तर करून घ्या, वर्षानुवर्षं तीच वापरू नका. रात्री काढून पाण्यात ठेवा. घास लहान घ्या, पण दोन्ही बाजूंनी चावा. भाकरी, शिजवलेली मोड आलेली मटकी, नरम सफरचंदाच्या फोडी असं हळूहळू वाढवत न्या. खर्च झेपत असेल तर हाडात रोवलेल्या खुंट्यांवर बसणाऱ्या कवळीबद्दल दंतवैद्यांना विचारा, तिने चावण्याचा जोर बराच सुधारतो.

९. फेस योगा, गाल फुगवणं, ‘आ-ई-ऊ’ हे रोज केलं तर चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसतो का?

दहा नाही. थोडा फरक पडू शकतो, आणि तोही गालापुरता.

हातात असलेला चांगला पुरावा लहान आहे. २०१८ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या त्वचातज्ज्ञांनी ४० ते ६५ वयाच्या २७ बायका घेतल्या. पहिले आठ आठवडे रोज अर्धा तास आणि पुढे विसाव्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड चेहऱ्याचे ३२ व्यायाम करायचे होते. शेवटपर्यंत टिकल्या १६. फोटो बघून परीक्षकांनी सुरुवातीला त्यांचं सरासरी वय ५०.८ सांगितलं होतं, शेवटी ४८.१. गाल थोडे भरल्यासारखे झाले होते. म्हणजे पाच महिन्यांच्या कष्टाला पावणेतीन वर्षं. व्यायाम न करणारा तुलनेचा गट नव्हता. आणि ११ जणी मध्येच सुटल्या हेही लक्षात ठेवा, रोज अर्धा तास आरशासमोर गाल फुगवणं कोणाला जमतं?

माझा सल्ला: आवडत असेल तर गालांचे व्यायाम करा. गाल फुगवून हवा इकडून तिकडे फिरवणं चांगलं, त्याने गालाच्या आतला सपाट स्नायू वापरला जातो. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी ‘तुतारी वाजवणारा’ असा आहे. घास दातांखाली ढकलायला हाच लागतो. पण भुवया वर-खाली करणं, डोळे गच्च मिटणं, कपाळ ताणणं सोडा. ते स्नायू आधीच जादा काम करतात आणि घड्या तिथेच पडतात.

जबड्यासाठी दातांखाली चावायचे रबरी गोळे मिळतात, त्यांचंही बरेच जण विचारतात. घेऊ नका. मॅसेटर वाढला की जबडा चौकोनी दिसतो, लटकलेली कातडी वर जात नाही. कानासमोरचा सांधा दुखायला लागला की मग माझ्याकडे येता.

हास्यक्लबचं काय? १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी मुंबईत सुरू केलेली ही चळवळ आपल्या बागांतही पोचली आहे. चेहऱ्याच्या व्यायामासाठी जाऊ नका, माणसांसाठी जा.

१०. वयाच्या साठीनंतर बोटॉक्स घ्यावं का?

घ्यावं की नाही हा तुमचा प्रश्न. काय होतं ते सांगते. नस स्नायूला ‘आखड’ असा निरोप एका रसायनातून देते. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, ते हे रसायन सुटू देत नाही. निरोप पोचत नाही, स्नायू शांत राहतो. परिणाम काही दिवसांत दिसतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. भुवयांमधल्या रेषांसाठी अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली, पण डोळ्यांच्या पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या आजारासाठी ते त्याआधीपासून औषध म्हणून वापरात होतं.

तरुणाच्या आणि साठीच्या चेहऱ्यात इथे मोठा फरक आहे. तरुणाच्या आठ्या फक्त स्नायू हलताना दिसतात, त्या जातात. साठीत घडी कातडीत कोरलेली असते, स्नायू शांत झाला तरी ती पुसट होते, नाहीशी होत नाही.

आणि खरी गोम प्रश्न ६ मधली. ज्याचं कपाळ पापण्यांना उचलून धरत आहे, त्याच्या कपाळात हे इंजेक्शन दिलं तर आधारच काढून घेतला. दोन आठवड्यांत भुवया डोळ्यांवर येतात आणि माणूस म्हणतो, मला दिसत नाही! असे तीन जण माझ्याकडे येऊन गेले. तिघांनीही पार्लरमध्ये घेतलेलं होतं, आणि आधी पापणी कोणीही तपासली नव्हती. इंजेक्शन त्वचातज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडूनच घ्या. प्रश्न १४ मधला स्नायूंचा आजार असेल तर घेऊच नका, आणि सुरू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा.

११. बाबांचं तोंडच उघडत नाही नीट. वयामुळे जबडा आखडला म्हणे.

ते खर्रा खातात का? आधी हे सांगा.

आपल्या भागात या प्रश्नाचं उत्तर दहातल्या बहुतेक वेळा ‘हो’ येतं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात ठेवलेला खर्रा वर्षानुवर्षं तिथेच झिरपतो. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर पांढरट आणि ताठ होतं, आत दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात, तिखट लागलं की आग होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. तिशीतल्या पोरांनाही होतं, म्हणजे वयावर ढकलायची सोय नाही.

घरी करायची चाचणी: स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच गेली तर तपासून घ्या. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. हा आजार कर्करोगापर्यंत जाऊ शकतो, म्हणून तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर थांबूच नका. तोंड उघडण्याचे व्यायाम मी देते, पण खर्रा चालू ठेवून ते करणं म्हणजे फुटक्या मटक्यात पाणी भरणं.

१२. सकाळी उठलो तर तोंड वाकडं! घरचे म्हणतात रात्री कूलरचं वारं लागलं. वयाने होतं का असं?

वयाचे बदल वर्षांनी येतात आणि दोन्ही बाजूंना येतात. रात्रीत आलेलं किंवा एकाच बाजूला आलेलं काहीही वयाचं नसतं. या पानावरचं फक्त एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

आता पहिला प्रश्न: कपाळ हलतं का? दोन्ही भुवया वर करायला सांगा. फक्त तोंडाचा कोपरा घसरला आहे पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, तर मेंदूच्या झटक्याचा संशय. सोबत हात लुळा, बोलणं अडखळतं, चालताना तोल जातो असं असेल तर खात्रीच धरा. १०८ लावा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि वेळ लक्षण दिसल्यापासून मोजतात, ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यापासून नाही. झोपेत झालं असेल तर शेवटचं ठीक कधी होतं ते सांगा.

त्या बाजूचं कपाळही हलत नाही, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी गळतं, तर बहुधा सातव्या नसेची सूज, म्हणजे बेल्स पाल्सी. पण हा निर्णय घरी बसून करायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर फायदा स्पष्ट आहे. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून देतात. कानात किंवा कानामागे पाणीदार फोड असतील तर ते नक्की सांगा, उपचार बदलतो. बहुसंख्य लोक काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत बरे होतात. साठीपुढे जरा हळू आणि कधी अर्धवट.

डोळ्याची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून. मिटत नसलेला डोळा सुकतो आणि बुबुळाला जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी.

कूलरचं म्हणाल तर उन्हाळ्यात निम्मं नागपूर कूलरसमोर झोपतं. वाऱ्याने होत असतं तर मे महिन्यात सगळ्यांचीच तोंडं वाकडी झाली असती. नसेत दडून बसलेला विषाणू जागा होतो असा जास्त संशय आहे. आणि गालाला जायफळ लावून दोन दिवस वाट बघू नका, ते दोनच दिवस औषधाचे असतात.

बरं झाल्यावर काही महिन्यांनी कोणी सांगतं, जेवताना डोळा आपोआप मिटतो. नसेचे धागे वाढताना चुकीच्या स्नायूत गेले की असं होतं. अशा वेळी जोरजोरात व्यायाम करू नका, त्याने चुकीची जोडणीच पक्की होते. आरशासमोर हळू, छोट्या हालचाली वेगळ्या करायला शिकवाव्या लागतात. विजेच्या धक्क्याचं यंत्र घरी आणून लावू नका.

१३. आजोबा बोलतात सगळं नीट, पण चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. हसत नाहीत, डोळेही कमी मिचकावतात.

आपण साधारणपणे मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. हे लक्षणीय कमी झालं असेल, आवाज हळू झाला असेल, अक्षर बारीक झालं असेल, चालताना एक हात झुलत नसेल, तर पार्किन्सनची तपासणी करून घ्या. त्यात स्नायूंमध्ये ताकद असते, पण मेंदूकडून हालचालीची सुरुवातच होत नाही. गोळी चालू झाली की अनेकांचा चेहरा परत बोलू लागतो. खूप दिवसांची उदासी आणि थायरॉइड कमी असणं यांतही चेहरा असा दिसतो, म्हणून आपणच निदान लावू नये. न्यूरॉलॉजीचा विभाग मेडिकललाही आहे आणि मिहानमधल्या एम्सलाही.

१४. सकाळी पापणी ठीक, संध्याकाळी खाली येते. प्रश्न ६ वालंच ना?

नाही! कंडरा ताणल्याने आलेली पापणी सकाळीही खालीच असते, संध्याकाळी थकव्याने थोडी जास्त. सकाळी चक्क ठीक आणि दिवस जाईल तशी पडत जाते, कधी उजवी कधी डावी, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जेवताना मध्येच जबडा थकतो, अशी चिन्हं असतील तर मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचा विचार करतात. नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. पुरुषांत तो साठीनंतरही बराच दिसतो, आणि नेमका तिथेच ‘वय झालं’ म्हणून सोडून दिला जातो. गिळताना ठसका किंवा श्वास अपुरा वाटला तर थेट कॅज्युअल्टी.

१५. डावा डोळा फडफडतो. शुभ की अशुभ?

बहुतेक वेळा जागरण आणि जादा चहा. झोप घ्या, काही दिवसांत थांबतं. फडफड डोळ्यावरून गालात, ओठात उतरली आणि एकाच बाजूचा चेहरा खेचला जाऊ लागला, तर बरेचदा नसेवर एखादी रक्तवाहिनी घासत असते. त्याला उपचार आहेत.

१६. आजीचं तोंड सारखं हलत असतं, काहीतरी चघळल्यासारखं. रिकामंच असतं.

दोन गोष्टी बघा. कवळी सैल आहे किंवा दातच नाहीत, तर तोंड अशी हालचाल करतं. चांगली कवळी बसली की पुष्कळदा कमी होते. दुसरं, औषधांची पिशवी उघडा. उलटी-मळमळीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड किंवा मनाच्या आजारांवरची काही औषधं महिनोन् महिने चालू राहिली की जीभ, ओठ, जबडा यांच्या न थांबणाऱ्या हालचाली सुरू होऊ शकतात, आणि म्हाताऱ्या बायकांत जास्त. औषध स्वतःहून एकदम बंद करू नका, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. कोणी तरी कधी तरी लिहून दिलेली मळमळीची गोळी ‘चालू ठेवा’ म्हणून चार वर्षं चालू असल्याचं मी पाहिलं आहे.

१७. आरशात मी ठीक दिसते, पण मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा एवढी म्हातारी का दिसते?

फोन मांडीवर ठेवून खाली बघत बोलता म्हणून. मान वाकली की गाल आणि हनुवटीखालची कातडी पुढे येते, जवळच्या कॅमेऱ्यात नाक मोठं आणि बाकी चेहरा लांबट होतो, आणि डोक्यावरचा दिवा डोळ्यांखाली सावल्या पाडतो. शिवाय तुम्ही बारीक अक्षरं वाचायला डोळे आणि आठ्या आवळता. फोन डोळ्यांच्या उंचीवर डब्याला टेकवा, हातभर लांब, तोंड खिडकीकडे करून बसा. आणि चष्मा लावा.